अदवोआचं वर्ष

पाणी पिऊन झालं तरी बोआतेंगमामांनी पेला खाली ठेवला नव्हता. ते अदवोआचे मामा, तिच्या घराण्यातले सगळ्यांत वडील. त्यांच्या एका बाजूला अदवोआची धाकटी बहीण मान्सा बसली होती, दुसऱ्या बाजूला मान्साची मुलगी सेरवा. तिघंही काळ्या कपड्यांत. समोरच्या बाकावर अदवोआचा नवरा ओडुरो बसला. त्याच्या अंगावरही काळंच होतं. बायको गेल्यापासून त्यानं दुसरा रंग घातला नव्हता.

"आमच्याकडे सगळं ठीक आहे," ओडुरो रीतीप्रमाणे म्हणाला. "तुमचं येणं कशासाठी?"

त्याला वाटलं होतं, मंडप आणि खुर्च्यांचं ठरवायला आले असतील. शनिवारी अदवोआच्या वर्षाचं कार्य होतं. त्या दिवशी तिच्या माणसांसमोर काळं उतरवून पांढरं नेसायचं, तिला शेवटचा निरोप द्यायचा आणि मोकळं व्हायचं.

मामांनी मान्साकडे पाहिलं. बोलायचं तिनं होतं.

"दाजी, ताई शांत नाही."

"कशावरून?"

"ती खेळतेय."

मान्सानं मुलीला कोपरानं ढोसलं. सेरवानं स्वतःचा फोन काढला आणि खाली मान घालून वाचलं, "तुमची शेजारीण अदवोआ हिचं वर्ष. खेळलेले दिवस तीनशे पासष्ट. एकही खाडा नाही. अभिनंदन." मग ती हळूच म्हणाली, "काका, मी आणि मावशी फोनवरच्या शेतीच्या खेळात शेजारी होतो. मी केव्हाच सोडलं. रविवारी अचानक हे आलं."

"रविवारपासून माझ्या घशाखाली घास उतरलेला नाही," मान्सा म्हणाली. "दारूच्या दोन बाटल्या कबरीवर ओतून आले. म्हटलं, ताई, काय हवंय बाई तुला? कुणी छळलं? कुणी खायला घातलं नाही? अन् ताई तिकडे स्ट्रॉबेरी लावत बसलीय!"

"मान्सा," मामा म्हणाले.

"नाही मामा, मी तीन रात्री दिवा जळता ठेवून झोपलेय."

मामांनी पेला खाली ठेवला. "मी म्हातारा झालोय. पण मेलेल्या बाईला फोन चार्ज करता येत नाही, एवढं मला कळतं. ओडुरो, फोन आण."

गेल्या फेब्रुवारीत, अदवोआला पुरल्यावर आठ दिवसांनी, ह्याच अंगणात चटई टाकून तिच्या वस्तू मांडल्या होत्या. बाईच्या वस्तू तिच्या आईच्या घराण्याकडे जातात. ओडुरोनं स्वतःच्या हातानं सगळं आणून ठेवलं होतं: लुगडी, मण्यांच्या माळा, शिलाईचं मशीन, पितळी पातेली. लग्नात त्यानंच घेतलेल्या चपलासुद्धा. मामा म्हणाले होते, ह्यातलं काही तुला हवं असेल तर माग, आम्ही नाही म्हणणार नाही. तो म्हणाला, काही नको. मग मान्सानं विचारलं, ताईचा फोन? तो म्हणाला, हॉस्पिटलात हरवला. तेव्हा मागितला असता तर मिळाला असता. पण मागायचा म्हणजे कशासाठी ते सांगावं लागलं असतं, आणि पंचवीस वर्षं ट्रकच्या चाकांची पंक्चरं काढणाऱ्या माणसाला तीस लोकांसमोर 'गव्हाला पाणी घालायचंय' असं म्हणवलं नसतं.

तो आत गेला, उशीच्या अभ्र्यातून फोन काढला आणि उजव्या हातानं मामांपुढे धरला.

"हरवला होता ना?" मान्सा म्हणाली.

"खोटं बोललो."

"मामांच्या तोंडावर?"

"हो."

मामांनी फोन घेतला नाही. ते म्हणाले, "येताना तुमच्या शेतावरून आलो. कोनफळं लावायचे मातीचे उंचवटे ओळखू येत नाहीत, ओडुरो. माझ्या गुडघ्यापर्यंत तण आहे. ती आणि तू दरवर्षी दोनशे उंचवटे घालायचात. रविवारी चर्चमधली माणसं मला विचारतात, तुमचा जावई आजारी आहे का? दुकान दुपारी उघडतो म्हणे. मी म्हणायचो, दुःखात आहे. आता कळलं कशात आहे. सेरवा, वाच. वर्षभर ह्यानं काय केलं ते त्याच्या तोंडून नको, त्या यंत्राकडूनच कळू दे."

सेरवानं मावशीचा फोन घेतला. "एकूण तास, एक हजार एकशे चार."

"अरे देवा," मान्सा म्हणाली. "एवढ्यात माणूस नर्स होऊन आला असता."

"जानेवारी. विकलेली जनावरं, दोन गायी."

"ते चुकून," ओडुरो म्हणाला. "तेव्हा मला काही येत नव्हतं. तिच्या होत्या. मग पुन्हा घेतल्या, पण रंग तो मिळाला नाही."

"सर्वांत कमी खेळ, चोवीस जानेवारी. चार मिनिटं."

चोवीस जानेवारीला, सहा आठवडे शवागारात ठेवल्यावर, अदवोआला पुरलं होतं.

"त्या दिवशीपण?" मान्साचा आवाज बदलला. "दाजी, आम्ही तिला खाली ठेवत होतो."

"ठेवून झाल्यावर. संडासाच्या मागे गेलो होतो. गव्हाला एक दिवस पाणी नाही मिळालं तर तो जातो. ती गेली तेव्हा फोन तिच्या पांघरुणात होता. नर्सनं माझ्या हातात दिला, आणि त्यावर तेच आलं. गव्हाला पाणी हवं आहे. मी बोट लावलं. आवाज आला, अन् शेत हिरवं झालं. तिनं पेरलेलं होतं. एवढंच."

"मग ते काढून झाल्यावर थांबायचं," मामा म्हणाले.

"थांबलो असतो. पण मग जमीन रिकामी दिसते. साठ दिवस कुणी गेलं नाही तर नाव पुसतात आणि जागा दुसऱ्याला देतात. वर तिचं नाव आहे, मामा. फाटकावर."

मामांनी सेरवाला खूण केली. ती वाचत गेली. एप्रिल, रोज पाच तास. एप्रिलात उंचवटे घालायचे असतात. ओडुरोनं तिकडे पाऊलही टाकलं नव्हतं. ऑगस्टात तीन दिवस दहा-दहा मिनिटं, तेव्हा त्याला हिवताप होता. सप्टेंबरात त्याच्या भावाच्या मुलीचं लग्न, आणि त्या दिवशी सहा तास. लग्नाला तो गेला नव्हता. एकेक महिना निघत गेला तसा तो बाकावर आणखी वाकत गेला. त्याला वाटत होतं, आपण दिवसातून थोडा वेळ बघतो. पाणी घालतो आणि ठेवून देतो.

"सर्वांत जास्त खेळ," सेरवानं वाचलं, "आठ डिसेंबर. अकरा तास, दहा मिनिटं."

"डिसेंबर तर आत्ताच लागलाय," मान्सा म्हणाली. "अकरा तास! परवा? दाजी, जेवलात कधी?"

"परवा नाही," सेरवा म्हणाली. ती स्क्रीनकडे बघत राहिली. "आई, हे वर्ष गेल्या डिसेंबरपासून मोजलंय. गेल्या वर्षीचा आठ."

ओडुरोनं मान वर केली.

अदवोआ बारा डिसेंबरला गेली. आठ तारखेला ती कुमासीच्या मोठ्या हॉस्पिटलात मूत्रपिंडाच्या वॉर्डात होती आणि तो इथे टेचिमानला दुकानात होता. सकाळी निघणार होता. तेवढ्यात बाजारात कोनफळांनी भरलेला ट्रक बसला, चार चाकं पंक्चर. त्यानं दुपारी फोन केला. ती म्हणाली, झोपले होते, तुम्ही कशाला उठवलंत, आता परत झोपते. संध्याकाळी केला तर म्हणाली, दिवसभर झोपच लागतेय, तुम्ही उद्या या. तो दुसऱ्या दिवशी पोचला तेव्हा तिला फोन उचलून कानाला धरता येत नव्हता, पांघरुणातच त्यावर बोट फिरवायची.

"पुन्हा वाच," तो म्हणाला.

"अकरा तास दहा मिनिटं. सकाळी साडेसहा ते..."

"पुरे." मग त्यानं विचारलं, "काय करत होती ते सांगतं का?"

सेरवानं बोट फिरवलं. "पेरणी एकदा. गहू. बाकी काही नाही, काका. नुसतं उघडं ठेवलं तरी तास मोजतात."

"म्हणजे बघत होती."

"असेल."

"मला म्हणाली, झोपले होते."

मान्सा उठली. ती ओडुरोच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. नाक ओढत म्हणाली, "ताई खोटारडी होतीच. मलापण त्या दिवशी म्हणाली, दाजी आलेत, शेजारी बसलेत, तू येऊ नकोस."

अंगणापलीकडे, दुकानासमोरून गाड्या जात होत्या. मामांनी काठी दोन्ही हातांत धरली होती.

"ओडुरो, फोन आमच्या घराण्याचा आहे," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "पण मी त्यासाठी बोलत नाही. शनिवारी आम्ही तुला मोकळं करणार आणि तिलाही. जिचं नाव रोज कामाला जातं, ती बाई मोकळी कशी व्हायची? मला सांग. मी तिला जा म्हणेन, आणि रविवारी सकाळी तू तिला पाणी घालायला उठवशील."

"घ्या," ओडुरो म्हणाला. "सेरवा, बंद कर. पुसून टाक."

सेरवानं मामांकडे पाहिलं.

"आत्ता शेतात काय आहे?" मामांनी विचारलं.

"गहू. तयार आहे. आज काढायचा होता."

"किती?"

"अठ्ठेचाळीस चौकोन."

"मग काढ." मामा काठीवर जोर देऊन उठले. "उभं पीक टाकून शेतातून कुणी निघतं का? काढ आणि पुन्हा पेरू नकोस. आम्ही थांबतो."

ओडुरोनं फोन घेतला. सूर्य पत्र्यावरून अंगणात उतरला होता आणि काचेवर काही दिसत नव्हतं. त्यानं तळहाताचा आडोसा केला, पण मग एक हात कमी पडायला लागला. मान्सानं खांद्यावरचं काळं वस्त्र काढलं, त्याच्या समोर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी ते फोनवर ताणून धरलं.

"दिसतं?"

"दिसतं."

तो एकेक चौकोन काढत गेला. दर वेळी एक बारीक आवाज यायचा आणि तिथे तपकिरी माती उरायची. पंक्चरच्या कामानं त्याचा अंगठा रुंद झाला होता. एखादा चौकोन दोनदा दाबावा लागायचा. सेरवा उठून उभी राहिली. मामांना तिनं खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत. मान्साचे हात भरून आले, तरी तिनं ते खाली घेतले नाहीत.

शेवटच्या ओळीत तीन चौकोन राहिले. मग एक. ओडुरोचा अंगठा त्याच्यावर थांबला.

"सावकाश," मामा म्हणाले. "आम्हाला कुठे जायचं नाही."