गोठ्यामागची पांढरी मिंदुल्ले

बुन्नेच्या गोठ्यामागे मिंदुल्ले या कडवट रानभाजीची पांढऱ्या फुलांची रोपं होती. रस्त्याकडेला सगळीकडे पिवळी माजलेली. पांढरी मात्र गावात शोधूनही सापडायची नाहीत. बुन्नेने ती माहेरच्या बांधावरून आणून लावली होती. अजून तिने त्यांचं पानही खुडलं नव्हतं. बी धरू दे, पसरू दे, मग एकदा मनाजोगती किमची घालू, असा तिचा बेत.

तो न्यानला ठाऊक नव्हता. ही बुन्नेची सून, व्हिएतनामहून लग्न होऊन आलेली. इथली भाषा तिला निम्मीच कळे. जेवताना सासू एकदा म्हणाली होती, "मिंदुल्लेची किमची खाल्ल्याशिवाय वसंत आल्यासारखा वाटतच नाही बाई!" तेवढं मात्र न्यानला नेमकं कळलं होतं.

बुन्ने बाजारातून परतली, तर अंगणात घमेल्यात मिठाच्या पाण्यात सगळी रोपं बुडालेली. मुळांसकट.

"अगं कार्टे, एक तरी ठेवायचंस!"

न्यानचा चेहरा पडला. "आई, तुम्हाला आवडते ना... म्हणून."

बुन्ने तडक गोठ्यामागे गेली. उकरलेल्या मातीत गुडघे टेकून तिने बोटं खुपसली. खाली मुळांचे तुकडे लागले, तुटल्या जागी पांढरा चीक आलेला. तिने हाक मारली, "न्यान, कशानं खणलंस गं?"

"भाजीच्या सुरीनं."

"तरीच! अर्धं मूळ खालीच राहिलंय." बुन्नेला हसू फुटलं. "तुला खणता येत नाही ते बरंच झालं. यातून फुटतील परत. चल, माती लोट."

दोघींनी माती सारखी केली, मग किमची कालवायला बसल्या. तिखट, लसूण, आंबवलेल्या मासळीचं पाणी. बुन्नेने एक पान न्यानच्या तोंडात कोंबलं. न्यानने डोळे मिटले.

"कडू लागलं?"

"आमच्या घरासारखं लागलं," न्यान म्हणाली. "माझी आईसुद्धा कडू पाला खाते."

"मग मला मेलीला इतके दिवस तुझ्यासाठी गोडगोड काय रांधायला लावलंस?"

महिन्याभरात मातीतून दातेरी पानं वर आली, पूर्वीपेक्षा दाट. त्या दिवशी न्यान फोनवर आईशी बोलत होती. बुन्नेने फोन ओढून घेतला, एक पान कॅमेऱ्यासमोर नाचवलं आणि आपल्याच भाषेत ओरडली, "विहीणबाई, हे खायला या!"

पलीकडच्या बाईला एक शब्दही कळला नाही. तरी ती पोट धरून हसली.