हेंपसाठी वेगळी चूल

सरकारचा नवा नियम घरात आला तेव्हा सासूबाई दोरखंडाला पीळ देत होत्या, आणि नियम ऐकूनही त्यांचा हात थांबला नाही. दोराचा धागा देणारा हेंप एका घराने एकाच एकरात लावायचा. त्यावर एक रोप जरी जास्त दिसलं, तरी सगळं पीक कापून नेणार. कारण काय, तर हेंप हा गांजाचा चुलत भाऊ. हा भाऊ इतका सरळमार्गी, की कुणी हौसेने ओढून पाहिला तर खोकल्यापलीकडे काही पदरात पडत नाही. पण सरकारने एकदा घराणं बघून माणूस ओळखायचं ठरवलं, की बिचाऱ्या भावाने काय करावं?

सासूबाईंचे एकर दोन. एक घरामागचा, एक ओढ्याकाठचा. दोन्हीकडच्या धाग्यावर त्यांची दोरखंडाची शेड वर्षभर चालायची. नवरा गेल्यावर ती त्यांनी एकहाती उभी ठेवली होती. एकाच शेताच्या धाग्यावर ती अर्ध्या वर्षात बंद पडणार, आणि शेड बंद म्हणजे सासूबाई बंद, हे घरात न बोलता सगळ्यांना ठाऊक होतं.

"ओढ्याकाठी बटाटे लावू," मुलगा म्हणाला.

"बटाट्याचा दोर वळून दाखव, मग लावू."

मुलाने बटाट्याचा विषय तिथेच सोडला. विषय सोडण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मार्ग सुनेने काढला. "आई, नियम दर घराला एक एकर म्हणतो ना? मग घरं दोन करू. ओढ्याकाठचं शेत तुमच्याच नावावर आहे. तुम्ही वेगळ्या व्हा. कागदावर वेगळ्या, जेवायला इथेच!"

युक्ती नामी होती. फक्त ती त्याच आठवड्यात आसपासच्या सगळ्याच सुनांना सुचली. बघता बघता इतकी सुखी घरं फुटली, की शेतकी कार्यालयाने भांडणं तपासायला खास निरीक्षक नेमला. त्याला भांडण खरं वाटलं तरच दुसरा परवाना.

आता आली का पंचाईत! या दोघींचं लग्नाच्या दिवसापासून कधी वाजलंच नव्हतं. तालीम करावी लागली.

"सुरुवात तुम्ही करा, आई. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवा."

"चांगला असतो गं तुझा स्वयंपाक."

"असं त्याच्यापुढे म्हणालात ना, की लागले बटाटे!"

निरीक्षक आला. खुर्चीत बसला, मांडीवर पिशवी ठेवली आणि नाटकाला आलेल्या माणसासारखा समोर बघू लागला.

"तुझ्या भाजीला ना चव ना ढव!" सासूबाईंनी तोंड उघडलं.

"आणि तुमचं घोरणं! रात्रभर भिंती हलतात!"

सासूबाईंचा चेहरा पडला. "खरंच घोरते मी?"

"छे हो आई, उगाच आपलं."

निरीक्षकाने सुस्कारा सोडला. "मावशी, सकाळपासून हे चौथं भांडण. मघाच्या घरात ताट फेकलं, पण आधी त्यातलं जेवण काढून ठेवलं. तरी ते बरं म्हणायचं. तुमचं सगळ्यांत वाईट." त्याने पिशवीतून एक कागद काढला. "यावर सही करा. ‘आमचा एकमेकींशी कसलाही संबंध उरलेला नाही.’ केलीत, तर मीही जास्त खोलात जात नाही."

सासूबाईंनी पेन घेतलं. सुनेकडे पाहिलं. सून जमिनीकडे बघत होती. नियम ऐकून न थांबलेला हात आता मात्र थांबला.

"हे नाही मी लिहून देणार."

"मग परवाना नाही."

"आई, नुसती सही तर आहे," सून पुटपुटली.

"तू गप्प बस." पहिल्यांदाच त्या तिच्यावर खऱ्याखुऱ्या डाफरल्या, पण निरीक्षक तेव्हा चष्मा पुसण्यात गुंग होता. "साहेब, वेगळं घर म्हणजे काय, ते नियमात आहे का?"

"आहे ना. वेगळं छप्पर, वेगळी चूल, वेगळा मुक्काम."

"आणि भांडण?"

निरीक्षकाने नियम वाचला, उलटला, पुन्हा वाचला. "भांडण लिहिलेलं नाही. पण मावशी, भांडल्याशिवाय कोण वेगळं होतं?"

"मी होते," सासूबाई म्हणाल्या आणि गादी गुंडाळायला उठल्या.

ओढ्याकाठी एक खोपट होतं. भिजवलेल्या हेंपच्या काड्या तिथे सुकायच्या, त्यामुळे आत कायम कुजका वास.

"आई, ते सगळं नाटक होतं!" मुलगा मागून ओरडला.

"नाटक जमलं नाही म्हणून तर खरं करतेय."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभ अजून धडधाकट होता.

त्या रोज सकाळी शेडवर येऊन दोर वळायच्या आणि दिवे लागायच्या आत खोपटात परतायच्या. सुनेने भाजीचं भांडं पुढे केलं की म्हणायच्या, "नको. चूल वेगळी आहे." छप्पर एका कोपऱ्यात गळत होतं, त्यांनी गादी दुसऱ्या कोपऱ्यात नेली. खरी गोची स्वयंपाकाची होती. इतकी वर्षं आयतं जेवल्यावर हात विसरला होता.

एका पहाटे निरीक्षक न सांगता येऊन थडकला. सासूबाई चुलीपुढे एकट्याच बसून बटाटे खात होत्या. बाहेरून कोळसा, आतून कच्चे. त्यांनी त्यालाही वाढले. नाही म्हणायची सोय नव्हती, म्हणून त्याने एक खाल्ला. बराच वेळ चावला.

"सून हाकेच्या अंतरावर असताना," तो पाणी पिऊन म्हणाला, "असलं कुणी उगाच खाणार नाही." आणि तिथेच परवान्यावर सही केली.

दोन्ही शेतांत हेंप डोक्याच्या वर गेला. कापणी झाली, काड्या भिजवून सोलल्या, शेडला वर्षाचा धागा मिळाला. मग मुलगा गादी न्यायला आला.

"चला आई. झालं आता."

"नियम उठला का?"

"नाही."

"मग पुढच्या पेरणीला काय करू? पुन्हा गादी गुंडाळू?" सासूबाईंनी गळक्या कोपऱ्याकडे बोट केलं. "ते छप्पर तेवढं नीट करून दे. आणि सुनेला पाठव. ‘शेजारी राहतेस आणि बटाटे कसे भाजायचे ते सांगायला एकदा आली नाहीस,’ म्हणावं. भांडायचंय मला तिच्याशी."