वरचं मारायचं, आतलं जगवायचं

शामरावांची काठी राकेशच्या उजव्या मनगटावर बसली आणि हाड वाजलं. कुऱ्हाड गळून पडली, पण एक घाव उशिरा. करंज कडकडत पलीकडच्या नालीत आडवा झाला. त्याची एकच फांदी पत्र्यावर आपटून शामरावांच्या अंगणात पडली.

झाड शेजारच्या राकेशचं, जागाही त्याचीच. गुढियारी मोहल्ल्यात कोणालाही विचारा, चूक शामरावांची. रेल्वेतल्या उभ्या नोकरीत ज्याने आवाज चढवला नाही, तो माणूस लेकीच्या बुरशीपायी काठी घेऊन धावला होता.

त्या लेकीने, दीक्षाने, याच करंजाच्या काडीत राहणारी बुरशी प्रयोगशाळेत वाढवली होती. कोणत्याही औषधाला न जुमानणारे जंतू त्या बुरशीने असे मारले, की प्लेटवर रुपयाएवढं स्वच्छ वर्तुळ उरलं. मग झाडाबाहेर चार महिने आयतं खाऊन ती घरजावयासारखी झाली. फुगायची, मारायची नाही. नव्याने सुरुवात करायला ताजी काडी हवी होती, आणि ती धुवायचं स्पिरिट उद्या यायचं होतं.

"उद्यापर्यंत थांब ना, भैया," दीक्षा सकाळीच म्हणाली होती.

"दीवार बनाने मिस्त्री आज आया है, दीदी."

आता राकेशने डाव्या हाताने कुऱ्हाड उचलली, उलटी धरली आणि दांडा शामरावांच्या कपाळावर हाणला. कातडी भुवईपर्यंत फाटली. शामराव खाली बसले ते फांदीशेजारीच. पानांवर रक्त टपटपू लागलं.

दीक्षा धावली. राकेशला वाटलं, बापाकडे. तिने फांदी ओढून घेतली.

बॅगेतून स्पिरिटची बाटली काढली. तळाशी जेमतेम चार बोटं उरलं होतं. काडीवरचे बाहेरचे जंतू मारायचे, आतली बुरशी जगवायची. रक्त-माती आत शिरायच्या आधी. फांदीची एक काडी मोडून ती धुऊ लागली.

"बाबूजी का सर फट गया है, दीदी! पहले उनको लगाओ!"

"तूच फोडलं, अन् मलेच सांगून राहिला?"

राकेश खाली बसला. उजवा हात उचलेना, म्हणून दातांनी गळ्यातला गमछा ओढला आणि डाव्या हाताने शामरावांच्या कपाळावर दाबून धरला.

"तिले घाई नोको करू रे," शामराव गमछ्याखालून म्हणाले. "काडी शिळी होते. मी थोडाच होतो?"

बाटली उपडी झाली. शेवटचा थेंब काडीवर पडला, आणि तेव्हा कुठे दीक्षाने बापाच्या कपाळावरचा गमछा आपल्या हातात घेतला.