पाणी हिशेबात धरायचं नाही

"पण काका, पाणीसुद्धा कमी होतच असेल ना?" पुढच्या टेबलावरच्या चष्मेवालीनं विचारलं आणि ब्युरेटच्या काचनळीच्या तोटीवरचा थेंबकाकांचा हात जागच्या जागी थबकला.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढलेल्या एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना दर वर्षी कुणी ना कुणी विचारलाच होता. उत्तर तोंडपाठ होतं. बाटलीत शंभर मिलिलिटर पातळ आम्ल, म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, आणि त्यात एस्टर नावाचं रसायन चमचाभर. दोघं मिळून खर्ची पडतात. पण पाणी इतकं भरपूर, की त्याचं घटणं कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून अभिक्रियेचा वेग एकट्या एस्टरवर ठरतो असं मानायचं. सर लोक फळ्यावर त्याला 'आभासी प्रथम कोटी' असं भारदस्त नाव लिहीत. थेंबकाकांचं आपलं साधं होतं : "पाणी भरपूर आहे. ते हिशेबात धरायचं नाही."

दर दहा मिनिटांनी बाटलीतलं पाच मिलिलिटर काढायचं, बर्फावर ओतून अभिक्रिया आहे तिथं थांबवायची आणि वरून ब्युरेटमधला अल्कली सोडायचा. पुसटसा गुलाबी रंग आला की तोटी बंद, आणि वेळेसकट तो आकडा, म्हणजे वाचन, वहीत. वेळ न लिहिता नुसता आकडा आणणाऱ्या पोरांना काका फैलावर घेत. "कित्येक औषधांच्या बाटलीवरची मुदत याच हिशेबानं ठरते रे. वेळ चुकलात तर माणूस जाईल." गुलाबी रंग नेमक्या एका थेंबावर थांबवणं ही त्यांची ख्याती. नावही त्यावरूनच पडलेलं. खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथंच सुखी होतं.

"काका?"

"होतं," ते म्हणाले. "कमी होतं. एस्टर जितकं जातं ना, मोजून तितकंच पाणी जातं."

"मग लिहीत का नाही आपण?"

"दिसत नाही म्हणून."

"काका, गेलं!" मागून कुणीतरी ओरडलं. तोटी उघडीच राहिली होती. फ्लास्कमध्ये भडक गुलाबी रंग झाला होता. एकतीस वर्षांत काकांचं वाचन हुकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चष्मेवालीनं पुढे होऊन तोटी बंद केली. बायको गेल्यानंतरचा काकांचा हा कामावरचा पहिला दिवस, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तीन महिन्यांपूर्वी ते तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टरांनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?" थेंबकाकांनी सवयीनं बायकोकडे पाहिलं. किल्ली कुठं आहे, धाकट्या मेव्हण्याचा नंबर काय, आज वार कोणता, घरातलं सगळं ते तिलाच विचारत. हेही तिलाच विचारलं, "अगं, कधीपासून?"

"परवापरवापर्यंत ठीक होतं हो," ती घाईघाईनं म्हणाली. डॉक्टरांसमोर नवऱ्याची पंचाईत होऊ नये म्हणून खोटं बोलली, हे त्यांना तेव्हा कळलंच नाही. डॉक्टर त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "सहा महिने आधी आणलं असतंत तर काहीतरी करता आलं असतं." तेव्हापासून तो एकच प्रश्न त्यांना खात होता. ते सहा महिने हातात होते की नव्हते? नसतील, तर निदान झोप तरी लागेल.

दुपारी ते घरी आले तेव्हा मुलगी आईचं कपाट आवरत होती.

"बाबा, हे बघा. आईच्या सगळ्या ब्लाउजांना टिपाच टिपा आहेत. एवढं आत का घेतलंय?"

त्यांनी एक ब्लाउज हातात घेऊन उलटा केला. काखेखाली मूळची शिवण, तिच्या आत हातानं घातलेली एक टीप, तिच्या आत दुसरी, मग तिसरी. मूळची सोडून चार. त्यांनी खिशातली पट्टी काढली. अर्धा सेंटिमीटर. एक. दोनला थोडं कमी. तीन.

"काय मोजताय?"

"वाचनं आहेत," ते म्हणाले. "पण वेळ नाही लिहिलेली."

मग त्यांना दोरे दिसले. प्रत्येक टिपेचा रंग वेगळा. सुईत उरलेला दोरा तिला टाकवत नसे. त्यांचं काही शिवून झालं की उरल्या दोऱ्यात, त्याच बैठकीत, ती स्वतःचं काहीतरी उरकून घ्यायची. ते समोरच चहा पीत बसलेले असायचे.

शेवटची काळी टीप कालपरवाचीच वाटत होती. तिसरी पांढरी : ओळखपत्राच्या फोटोसाठी सदऱ्याची कॉलर उलटून दिली होती. दुसरी तपकिरी : परीक्षेच्या दिवसांत पिशवीचा बंद तुटला होता. आणि पहिली निळी. निळा दोरा घरात एकदाच आला होता, कॉलेजच्या नव्या निळ्या एप्रनच्या बाह्या आखूड करायला. एप्रन मिळाल्याची सही त्यांनीच रजिस्टरात केली होती, गेल्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या आठवड्यात. तिथपासून दवाखान्याच्या दिवसापर्यंत त्यांनी बोटांवर महिने मोजले.

"अकरा," ते म्हणाले. डॉक्टरांनी सहाच मागितले होते.

मुलीला अर्थ कळायला क्षण लागला. मग ती हळूच म्हणाली, "बाबा, तुम्हाला काहीच दिसलं नाही?"

"रोज होती ना गं ती," थेंबकाका म्हणाले आणि त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. "रोज समोर होती."

मुलीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ते बराच वेळ हुंदके देत राहिले, ब्लाउज मांडीवर तसाच धरून. मग नाक पुसून त्यांनी तो पुन्हा उजेडात धरला. हाताला दुसरं काही सुचत नव्हतं.

"बाबा, ही काळी टीप एकाच बाजूला आहे. दुसरी बाजू राहिली."

"दोरा संपला असेल."

"हा कशातला उरला होता?"

थेंबकाकांनी खाली पाहिलं. अंगावर तीच काळी पँट होती. दवाखान्याच्या आदल्या आठवड्यात तिची मोहरी उसवली होती आणि कामावर जायच्या घाईत ते बायकोवर खेकसले होते. त्यांनी वाकून मोहरी उलटली. तिथं त्याच काळ्या दोऱ्याची दुहेरी टीप होती.