मुक्या आत्म्याचं नाव

मेरीचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. शिरूरच्या त्या दोन खोल्यांत चटया अंथरून झाल्या, मधोमध खुर्ची ठेवून झाली, तरी ती उगीचच पडदे सरळ करत होती. खुर्चीवर तिची लेक स्वीटी. एकवीस दिवसांत पोरीनं तोंडातून शब्द काढला नव्हता.

"मुका आत्मा हाय," सणसवाडीहून आलेले पाळक ख्रिस्तोफर म्हणाले. सैतानाबरोबर स्वर्गातून जे दूत खाली ढकलले गेले त्यांतलाच एक, आणि उपास-प्रार्थनेशिवाय असला हलत नाही. जमलेल्या बायांच्या पोटात कालपासून अन्न नव्हतं. सगळा राग सैतानावर निघणार, हे उघड होतं.

खरं काय ते मेरीला ठाऊक होतं. न्हावरे गावच्या हिंदू इंद्रजीतशी लग्न करायचं असं स्वीटी म्हणाली, तेव्हा मेरीनंच तिच्या थोबाडीत दिली होती. "आजपासून तोंड उघडायचं न्हाई!" पोरगी आईचं ऐकत होती, एवढंच. पण मेरीचा नवरा चर्चचा पंच, हे चारचौघांत सांगणार कसं? मेरीनं सगळं त्या दूतावर ढकललं होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

टाळ्या सुरू झाल्या, पाय आपटू लागले. पाळकांनी स्वीटीच्या डोक्यावर हात दाबला. "येशूच्या नावानं विचारतो, नाव सांग तुझं!"

स्वीटी गप्प. पाळकांची बोटं केसांत रुतली, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"थरथरतोय! निघायला आलाय!" बायांमधली तानुबाई ओरडली.

मेरीला बघवेना. "मेरी!" ती किंचाळली. "मेरी नाव हाय त्याचं! मीच मारलं तिला, मीच गप्प केलं. सोडा माझ्या लेकीला!"

"आईत शिरला!" तानुबाई म्हणाली, आणि सगळे हात मेरीवर आले. तिला चटईवर आडवं पाडलं. ती खरं सांगत राहिली, आणि तसतसा प्रार्थनेचा आवाज चढत गेला.

"लबाडीचा बाप हाय त्यो सैतान, ऐकू नका!" पाळक ओरडले.

स्वीटी उठली. बायांना ढकलत आत घुसली.

"आईला सोडा," बसलेल्या घशानं ती म्हणाली. "खरं बोलतीय ती."

"हालेलुया!" खोली दणाणली. पाळकांनी समाधानानं घाम पुसला.

स्वीटीनं आईला हात देऊन बसवलं. "मी त्याच्याशीच लग्न करणार हाय, आई."

"कर," मेरी रडत म्हणाली, "पर बोलत जा गं माझ्याशी."