तांबूच्या कानातला बिल्ला

“आजारपण? छे! तांबूला कधी शिंक पन नाय आली, डॉक्टर,” रेश्मा म्हणाली, आणि गोठ्याच्या मेढीला टेकून उभ्या असलेल्या तिच्या सासूच्या, गिरजाबाईंनी हातातल्या बेलाच्या परडीवरून मान वर केली.

सोमवार होता. सोमवारी उपास, आणि दिवेलागणीला महादेवाला बेल वाहेपर्यंत गिरजाबाई तोंडातून अक्षर काढत नसत. लग्न होऊन किन्हवलीत आल्यापासूनचा नेम. आणि गुरांचे डॉक्टर विम्यासाठी तपासायला नेमके आजच आले होते.

“विम्यात काय काय येतं पन?” रेश्माने विचारलं.

“साप चावून, वीज पडून, आजारानं जनावर गेलं तर भरपाई मिळते. औषधपाण्याचा खर्च मिळत नाही. ओळखीसाठी कानात मारलेला बिल्ला हरवला तर नवा मारून घ्यायचा. आणि आधीचं दुखणं लपवायचं नाही.”

“लपवाया काय हाय! आमच्या आई साक्षीला उभ्या हायेत की. मौन हाय त्यांचं. नाय म्हनत नायत, म्हंजे होच समजा.”

गिरजाबाईंनी सुनेकडे रोखून पाहिलं. देवासाठी मिटलेलं तोंड, आणि त्याचीच खोटी साक्ष? वासरू असतानाच आई मेलेल्या या गाईला त्यांनी बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. तिचा विमा हुकावा असं त्यांना तरी कुठे वाटत होतं? पण त्यांनी परडी खाली ठेवली, आणि गारठ्याचं निमित्त करून रेश्माने सकाळीच तांबूच्या पाठीवर टाकलेलं गोणपाट ओढून काढलं.

डाव्या कुशीवर वीतभर व्रण होता. गिळलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या तिथूनच काढल्या होत्या.

“आई! फिरवलंत ना पानी सगल्यावर!”

डॉक्टरांनी व्रण दाबून पाहिला. तांबू निवांत रवंथ करत राहिली.

“जखम छान भरलीय. जनावर ठणठणीत आहे. हे ऑपरेशन मी लिहितो, म्हणजे झालं. लपवलं असतंत, तर उद्या साप चावून गेली तरी कंपनीनं याच व्रणावर बोट ठेवलं असतं.”

“म्हंजे... विमा व्हतो?”

“होतो की.”

रेश्मा ओशाळली. “बोलत नायत तर ही तऱ्हा,” ती पुटपुटली, “सांजच्याला बोलाया लागल्या की माझं काय व्हनार!”

डॉक्टर हसले. मग त्यांनी पिशवीतला चिमटा घेऊन तांबूच्या कानात बिल्ला मारला. तांबू हंबरली, तशी गिरजाबाईंनी डोळे घट्ट मिटले.

संध्याकाळी दिवा लागला, बेल वाहून झाला. रेश्माने पान वाढलं. “आता बोला, आई. शिव्या द्या हवं तर.”

गिरजाबाई पानातला पहिला घास तांबूला भरवायला गोठ्यात गेल्या. हळदीची वाटी घेऊन रेश्माही मागोमाग आली. कान हलला की पिवळा बिल्ला दिव्याच्या उजेडात चमकत होता. गिरजाबाईंनी वाटीतली हळद बोटावर घेतली, कानाला हलकेच लावली आणि दिवसभरातलं पहिलं बोलल्या,

“लय दुखलं का गो?”