रामजीची मस्करी

आमच्या गेममध्ये एकही विनोद नको, असं शंतनुने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं.

"माणूस एकदा हसला ना ऋता, की त्याची भीती गेली. मग परत कितीही अंधार कर, उपयोग नाही."

लोअर परळला आमचं ऑफिस. सहा जणांची कंपनी, शंतनु तिचा प्रमुख आणि मी संवाद लिहिणारी. गेम भीतीचा, ब्याऐंशीच्या गिरणी संपावरचा. खेळणारा लालबागच्या एका चाळीत राहायला आलेला कामगार होतो, लोकांशी बोलतो, पडद्यावर येणाऱ्या दोन-तीन उत्तरांतलं एक निवडतो आणि त्याप्रमाणे गोष्ट पुढे सरकते. मी चाळीत एक थापाड्या न्हावी लिहिला होता. शंतनुने तो काढून टाकला. मी वाद घातला नाही. मी गिरगावातली, आमच्या घरी संप म्हणजे सकाळच्या पेपरातली बातमी होती. मला तरी कुठे ठाऊक होतं, ती माणसं कशी बोलायची?

म्हाताऱ्या कामगाराच्या आवाजासाठी आम्ही गुणाजीकाकांना बोलावलं. सदुसष्ट वर्षांचे, मूळचे मालवणकडचे, तरुणपणी गिरणीत साच्यावर म्हणजे मागावर काम केलेले आणि गिरणगावच्या हौशी नाटकांतून गाजलेले. करी रोडला जिथे त्यांची चाळ होती, तिथेच उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आता राहतात. माईकसमोर बसून त्यांनी चष्मा लावला आणि माझं पहिलं वाक्य वाचलं, "या चाळीत आता फक्त सावल्या राहतात."

मग कागद खाली ठेवला. "असा कोण बोलता गो?"

मी ओशाळले. "मग कसं बोलायचे, काका?"

"अगो, आम्ही हसायचो. घरात चूल पेटत नाय, तरी पायरीवर बसून एकमेकाची टोपी उडवायचो. आमचो रामजी होतो. सगळ्यांच्या नकला करायचो, मुकादमाच्या, पुढाऱ्यांच्या." त्यांनी चष्मा काढला. "एकदा संध्याकाळी कोणीतरी त्याला विचारलं, रामजी, उद्या मोर्चाक येतलंस मां? तर म्हणता कसो, 'उद्या मी चालत येवचंय नाय. तुम्हीच माका खांद्यार घालून नेतलात.' आम्ही पोट धरधरून हसलो."

"आणि?"

"दुसऱ्या दिवशी खांद्यावरूनच नेलो. पहाटे जीव दिल्यान."

काचेपलीकडे हेडफोन लावून बसलेला शंतनु उभा राहिला होता.

"हे घ्यायचं," मी बाहेर आल्यावर तो म्हणाला. "शब्दाला शब्द."

"विनोद आहे हा, शंतनु."

"अख्ख्या गेममधली सगळ्यात भयंकर गोष्ट आहे ही."

काकांनी परवानगी दिली, मी त्याच दिवशी प्रसंग लिहिला. खरं सांगायचं तर लिहिताना मला आनंद झाला होता. खेळणारा हसेल, आणि सकाळ झाली की त्याला त्या हसण्याची लाज वाटेल. खेळणाऱ्यासमोर मी दोनच पर्याय ठेवले होते : 'हसा' आणि 'निघून जा'.

दोन दिवसांनी काकांनीच रामजीचा आवाज दिला. तो ऐकताना वाटलं, खोलीत दुसरंच कोणी आलंय, तिशीतलं, चपळ. मग पायरीवर बसलेल्या मित्रांचं हसणं रेकॉर्ड करायचं होतं. काका हसले. पहिल्यांदा छान हसले. शंतनुने दुसऱ्यांदा मागितलं. दुसऱ्यांदा हसता हसता त्यांचा श्वास अडकला, पण हसणं थांबेना. खांदे हलत होते, डोळे कोरडे होते. मी पाणी घेऊन आत गेले.

"मी असंच हसलंय तेव्हा," ते म्हणाले. "सगळ्यांत मोठ्याने."

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, खेळणारा काय करतो? मी स्क्रीन दाखवली. त्यांनी दोन्ही पर्याय वाचले.

"तिसरो खंय आसा? 'असं का बोललास' म्हणून विचारूचो?"

"काका, मग रामजीला वाचवावं लागेल," शंतनु म्हणाला. "ते खोटं होईल."

"वाचवू नको. फक्त विचारू दे."

"विचारलं तर तो काय उत्तर देतो?" मी म्हणाले.

काकांनी माईक बाजूला सारला. "माका काय म्हायत? मी विचारलंयच नाय."

पुढचा आठवडा त्यांचा फोन नाही. मग एका दुपारी आला. रामजीची बायको वरळीला मुलाकडे असते, तिच्याकडे जायचं आहे, तू चल. एकट्याला धीर होत नाही.

मालनबाई सत्तरीच्या पलीकडच्या, बारीक, ताठ. त्यांनी चहा केला. काकांनी कप हातात घेतला आणि न पिता सगळं सांगितलं : ती संध्याकाळ, ते वाक्य, सगळ्यांचं हसणं. चाळीस-बेचाळीस वर्षांत त्यांनी हे मालनबाईंना कधीच सांगितलं नव्हतं. "वैनी, मी तेव्हाच विचारलं असतं तर..."

मालनबाईंनी त्यांना मध्येच थांबवलं. "भावजी, माझ्याकडेही तेच बोलले होते. जेवताना."

"मग तुम्ही हसलात?"

"मी कशाला हसू? मी विचारलं. हात धरून विचारलं, असं का बोलताय म्हणून."

खालच्या रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. काकांनी कप खाली ठेवला.

"काय म्हणालो तो?"

"म्हणाले, 'काय नाय गो, मस्करी केलंय.' आणि माझ्या ताटात मासळीचा तुकडा ठेवला. मग मी गप्प बसले." त्या माझ्याकडे वळल्या. "पुन्हा विचारायला हवं होतं. मी एकदाच विचारलं."

परत येताना आम्ही टॅक्सी केली. त्यांचं ओझं हलकं झालं असेल, असं मला वाटत होतं. करी रोडच्या पुलाजवळ उतरताना म्हणाले, "तिचा एकटीचा होता ता ओझा. आता दोघांचा झाला."

दुसऱ्या दिवशी ते रेकॉर्डिंगला आले. 'असं का बोललास?' हा तिसरा पर्याय मी घातला होता. त्यावर रामजीचं उत्तर एवढंच होतं : "काय नाय रे, मस्करी केलंय." एका टेकमध्ये झालं. शंतनुने अंगठा वर केला, पण काका उठेनात.

"पुन्हा विचारलं तर?"

"तर तेच वाक्य परत वाजेल," मी म्हणाले.

"तेच कसा? माणूस दर वेळेक वेगळा बोलता."

त्यांनी तेच पाच शब्द अकरा वेळा म्हटले. एकदा हसत, एकदा चिडून, एकदा दुसरीकडे बघत बोलल्यासारखे. सातव्या वेळी आवाज इतका लहान झाला, की शंतनुने हेडफोन कानावर दाबून धरला. अकराव्यानंतर काका म्हणाले, पुरे. आम्ही अकराही ठेवले. कितीही वेळा विचारलं तरी सकाळी रामजी मेलेलाच असतो. विचारायला मर्यादा घालायची का, असं शंतनुने मला विचारलं. मी नको म्हणाले.

माझा न्हावीही त्याने परत आणला. स्वतःहून.

गेम प्रसिद्ध झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन वरळीला गेले. काका यायला तयार नव्हते. मालनबाईंनी पदराने चष्मा पुसला, खुर्ची जवळ ओढली. पडद्यावर संध्याकाळ होती, पायरीवर माणसं बसली होती. रामजीचं खांद्यावरून नेण्याचं वाक्य आलं, आणि मालनबाई चक्क हसल्या, तोंडावर हात ठेवून. "असेच होते मेले," त्या म्हणाल्या.

खाली तीन पर्याय आले. मी त्यांच्याकडे बघितलं.

"विचार," त्या म्हणाल्या.

मी तिसरा पर्याय दाबला. "काय नाय रे, मस्करी केलंय," रामजी म्हणाला.

"परत विचार."

मी परत दाबला. त्या पडद्याच्या आणखी जवळ सरकल्या. चौथ्यांदा त्यांनी माझा हात बाजूला केला आणि बटण कुठलं ते विचारून घेतलं.